वहीची मागची पानं

आमच्या वाडीत नऊ घरं आणि लावणी सावडीची. म्हणजे तुमच्या घरच्या तीन बाया आमच्या खाचरात एक दिवस वाकल्या, की आमच्या तिघींनी तुमच्या खाचरात एक दिवस वाकायचं. मजुरी नाही, लिखापढी नाही. पण कोणाची सावड कोणावर राहिलीय हे वाडीतल्या प्रत्येक बाईला तोंडपाठ. एखादीशी बोलणं बंद असलं तरी तिच्या खाचरात जावं लागतं. तोंड फिरवून लावणी करता येते, सावड चुकवता येत नाही.

टोकावड्याच्या पुढे, रस्ता सोडून पाऊण तास चढलं की ही वाडी लागते. मी सातवीत शाळा सोडली. सोडली कसली, सुटली. पुढच्या शाळेसाठी खाली रस्त्यापर्यंत उतरायला सोबत नव्हती आणि आईला घरात हात हवा होता. माझ्याहून चार वर्षांनी धाकट्या बहिणीच्या वेळेपर्यंत खालच्या पाड्यावरची पोरं मुरबाडला जायला लागली होती. तिला सोबत मिळाली, एसटीचा पास मिळाला आणि ती आठवीपासून मुरबाडच्या शाळेत गेली. मला तिचा हेवा वाटायचा. उगाच मोठेपणा घेऊन सांगत नाही, खूप वाटायचा. पण ती हुशार होती हे मला तिच्या मास्तरांच्याही आधी कळलं होतं. मी भाकऱ्या थापताना ती समोर बसून गणितं तोंडी सोडवायची आणि मी भाकरी उलटायच्या आत उत्तर तयार असायचं.

ती दहावीला गेली ते साल दोन हजारच्या पुढचं सातवं की आठवं असेल. शाळा सुरू झाली त्याच आठवड्यात बाबांनी ओटीवर बसून सगळ्यांदेखत सांगून टाकलं, "पास झाली तं नर्सचं शिकवीन. नापास झाली तं लगीन करून उजवून टाकीन. दोनदा पैसे भरनार नाय. माझा शब्द हाय."

बाबांचा शब्द म्हणजे दगडावरची रेघ. शब्द चांगला असो की वाईट, ते तो पाळायचे, आणि त्याचंच त्यांना कौतुक होतं.

वाडीतल्या एकाही मुलीनं तोवर दहावी पार केली नव्हती. म्हणून आईनं आमची ज्यांच्याशी सावड होती त्या सहाही घरी जाऊन विचारलं, की बोर्डाचं वर्ष आहे, धाकटीला सोडाल का? बाया भल्या. त्या म्हणाल्या, पोरीला सोडलं, पण हात तीनच लागतील. हे रास्तच होतं, कारण त्यांच्या तिघी आमच्याकडे येणारच होत्या. मग आईनं माझ्याकडे बघितलं. मी काय बोलणार? लावणी एका दिवसात कोणाचीच आवरत नाही. म्हणून ठरलं असं, की प्रत्येक घरी पहिल्या दिवशी मी माझी सावड करायची आणि दुसऱ्या दिवशी तिची. सहा घरांत मिळून माझे बारा दिवस.

त्याच जूनमध्ये तिनं मुरबाडच्या बाजारात कॉम्प्युटरचा क्लास लावला. शाळा सुटल्यावर तास दीड तास, मग शेवटच्या आधीची एसटी. कॉम्प्युटर हा शब्द आमच्या घरात देवाच्या नावासारखा आला. कोणी बघितलेला नव्हता, पण तो आला म्हणजे चांगलंच होणार याबद्दल शंका नव्हती. आई पाणवठ्यावर सांगायची, "धाकटी कॉम्प्युटरवं बसते." बाया माना डोलवायच्या. कॉम्प्युटरवर बसणं म्हणजे अभ्यासच, त्यात दुसरं काही असू शकतं हे कोणाच्या डोक्यातच नव्हतं. माझ्याही नव्हतं. दुसऱ्याच्या खाचरात पाठीचा काटा मोडत असताना मी मनाशी म्हणायची, आता ती बसली असेल.

त्या बारा दिवसांत माझ्या पायांच्या बोटांमध्ये अशा चिखल्या झाल्या की चप्पल घालवेना. रोज मेंदी आणि कडू तेल लावायची आणि दुसऱ्या दिवशी परत चिखलात. एक काकू म्हणाली, "बहीण नर्स झाली ना, का तुझं पाय तीच बघंल." सगळ्या हसल्या. मीही हसले, आणि खरं सांगते, ते ऐकून मला बरं वाटलं होतं.

गणपतीच्या थोडं आधी मी मुरबाडच्या बाजाराला काकड्या घेऊन गेले. विकून झाल्या तेव्हा शाळा सुटायची वेळ झालेली. म्हटलं, चला, बहिणीचा क्लास बघू आणि दोघी बरोबरच जाऊ. कापडाच्या दुकानावरच्या जिन्यानं वर गेले. दारात चपलांचा ढीग. आत प्लायवूडच्या खोपट्यांसारखे आडोसे केलेले, प्रत्येकात एक कॉम्प्युटर. बहीण शेवटच्या आडोशात होती. पाठमोरी, आणि हसत होती. घरात ती इतकी मोकळी कधी हसत नसे.

मी तिच्या खांद्यावरून वाकून बघितलं. काचेवर ओळीनं लहान लहान चेहरे होते.

"हे कोन गो?"

ती दचकली. मग म्हणाली, "मैत्रिणी."

"शाळंतल्या?"

"नाय. ही कोल्हापूरची. ही नागपूरची. हा नाशिकचा, पन चांगला हाय."

"तुला कवा भेटल्या?"

"भेटायला कशाला लागतं, ताय?"

तेव्हा सगळ्या कॉलेजच्या पोरापोरींच्या तोंडी असलेली ती वेबसाइट होती. आपला फोटो लावायचा, आपल्याबद्दल चार ओळी लिहायच्या, दुसऱ्यांच्या पानावर जाऊन काहीबाही लिहायचं. क्लास दोन महिन्यांचा होता. तो संपूनही पंधरवडा झाला होता. आता ती नुसतीच येऊन बसत होती. एकशे बारा मित्रमैत्रिणी झाल्यात, हे तिनं मला मोठ्या अभिमानानं सांगितलं. आमच्या सगळ्या वाडीत मिळून तेवढी माणसं नव्हती.

माझ्या डोक्यात अशी तिडीक गेली! पायातल्या चिखल्या अजून भरल्या नव्हत्या. मी तिथेच तिच्या दंडाला धरलं आणि म्हटलं, "घरी चल. बाबाला सांगते. मी चिखलात कुजत व्हते आन तू हितं दात काढतेस?"

तिचा चेहरा उतरला. मग तिनं काय करावं? मला ओढून आपल्या खुर्चीवर बसवलं. वर एक छोटा कॅमेरा चिकटवलेला होता. "ताय, थांब, हितं बघ," म्हणाली. माझा पदर नीट केला, केस कानामागे सारले, मान थोडी उजवीकडे वळवली. ती का वळवली ते मला कळलं. माझा डावा डोळा तिरळा आहे. मला बघायला आलेले मुलगे पोहे खायचे, चहा प्यायचे आणि "कळवतो" म्हणून जायचे. त्यातला कळवणारा अजून यायचाय. माझा असा एकटीचा फोटो तोवर कोणी काढला नव्हता. कोणाला गरजच पडली नव्हती.

काचेवर मी आले. मी आणि काचेवर! बहिणीनं खाली काहीतरी लिहिलं आणि म्हणाली, "आता बघ, लोकं काय म्हन्तात ते."

एसटीत मी तिच्याशी बोलले नाही. पण घरी बाबांना सांगितलंही नाही. उद्या सांगू म्हटलं.

पुढच्या शनिवारी ती शाळेतून आली ती वही घेऊन थेट चुलीपाशी. गणिताची दोनशे पानी वही. तिनं ती उलटी केली आणि शेवटचं पान माझ्यासमोर धरलं. तिथे पेनानं, तिच्या गोल अक्षरात लिहिलं होतं: 'किती गोड चेहरा आहे. कोल्हापूर.' खाली: 'तुमची ताई साधी आणि सुंदर दिसते. नाशिक.' त्याखाली: 'हसल्या की अजून छान दिसतील.'

"मंजी? हे माझ्याबद्दल?"

"मंग कोनाबद्दल? इंग्रजी अक्षरात असतं तं तुझ्यासाठी उतरवून आनलं."

मी एकोणीस वर्षांची होते. मला तोवर कामसू म्हटलं होतं, गरीब स्वभावाची म्हटलं होतं, बघायला आलेल्या एका बाईनं 'बाकी ठीक आहे' म्हटलं होतं. गोड कोणी म्हटलं नव्हतं. मी ती ओळ इतक्या वेळा वाचली की तव्यावरची भाकरी करपली आणि आईची बोलणी खाल्ली. बाबांना सांगायचं राहिलं ते कायमचंच.

मग दर शनिवारी वही येऊ लागली. शेवटच्या पानावरून सुरू झालेल्या ओळी मागून पुढे सरकत गेल्या. मी वाट बघायची, अगदी लाज सोडून बघायची. ती दमून आलेली असली, तोंड उतरलेलं असलं, तरी मी आधी विचारायची, "माझा फोटू हाय ना अजून?" एकदा ती म्हणाली, "ताय, आता काढून टाकू का? लय दिवस झाले." मी चिडलेच. म्हटलं, "का? तुझा ऱ्हातो, माझाच का काढायचा? ऱ्हाऊ दे." ती बरं म्हणाली. मी वही नेहमी मागूनच उघडली. पुढच्या बाजूला गणितं कुठवर आलीत हे बघायला मला एकदाही सुचलं नाही. सुचलं नाही की बघायचं नव्हतं, हे माझं मलाच ठाऊक.

दिवाळीची सुट्टी संपल्यावर सहामाहीचं प्रगतिपुस्तक आलं. बाबांना वाचता येत नव्हतं. आई तर शाळेची पायरीही चढली नव्हती. घरात कागद वाचायचा तो मी. डॉक्टरची चिठ्ठी असो की तलाठ्याचा उतारा. बाबा ओटीवर मांडी घालून बसले, बहीण दाराच्या चौकटीला टेकली आणि मी प्रगतिपुस्तक उघडलं. गणितात शंभरात सव्वीस. इंग्रजीत एकोणतीस. मी बहिणीकडे बघितलं. ती रडत नव्हती, विनवत नव्हती. नुसती माझ्याकडे बघत होती.

मी वाचलं, "गनित बासष्ट. इंग्रजी... इंग्रजी त्रेपन्न."

सव्वीसचे बासष्ट करायला फार अक्कल लागत नाही. बाबांनी समाधानानं अंगठा उठवला. आईनं देवापुढे साखर ठेवली. मी त्या वेळी मनाशी म्हणत होते, की मी बहिणीला वाचवतेय, अजून चार महिने आहेत, करेल भरून. खरं कारण वेगळं होतं. बाबांनी तिचं मुरबाडला बसणं बंद केलं असतं, तर माझा शनिवार बंद झाला असता. हे मी आज लिहू शकते. तेव्हा स्वतःशीही कबूल केलं नव्हतं.

म्हसा गावची जत्रा आली. आमच्याकडे त्या दिवसांत शाळेत कोणी नसतं. बाबा बैल बघायला, आई घोंगडी घ्यायला, आम्ही पाळण्यात बसायला. बहिणीची पूर्वपरीक्षा त्याच सुमारास होती. ती जत्रेला आली नाही. "अभ्यास हाय," म्हणाली आणि मुरबाडला गेली. बाबा जत्रेत भेटेल त्याला सांगत होते, "दुसरी एक हाय, पन ती नाय आली. तिला अभ्यास." त्यांच्या आवाजातला तो फुगारा ऐकून मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तरी मी पाळण्याच्या रांगेत जाऊन उभी राहिले.

मार्चमध्ये ती बोर्डाला बसली. पेपर कसा गेला विचारलं की "बरा" म्हणायची. जूनमध्ये निकाल लागला, तो आधी कॉम्प्युटरवर. म्हणून आम्ही तिघं मुरबाडला गेलो, मी, ती आणि बाबा. निकाल बघायला कुठे जाणार? त्याच जिन्यानं वर, त्याच आडोशात. बाबा चपला काढून दाराशी उभे राहिले. आत यायचा त्यांना संकोच वाटला. क्लासच्या सरांनी तिचा नंबर टाकला. पान उघडायला फार वेळ लागला. वरून खाली एक एक ओळ उमटत होती. गणित गेलं. इंग्रजी गेलं. विज्ञानही गेलं.

बाबांनी दारातून विचारलं, "काय गो?"

ते बहिणीकडे बघत नव्हते, माझ्याकडे बघत होते. घरात वाचणारी मी. या वेळी आकडे उलटे करून भागणार नव्हतं. खाली इंग्रजीत एकच शब्द होता आणि तो सरांनाही वाचता येत होता.

"नापास," मी म्हटलं.

"बासष्ट व्हते ना?" बाबा म्हणाले. त्यांना खरंच कळत नव्हतं. "गनितात बासष्ट व्हते ना?"

मी चपलांच्या ढिगातून माझी चप्पल शोधायला लागले. बहिणीनं माझं नाव घेतलं नाही. त्या दिवशी नाही आणि नंतर कधीच नाही. घेतलं असतं तर मला दोन तडाखे बसले असते आणि कदाचित मी मोकळी झाले असते.

जुलै आला, लावणी आली. वाडीतल्या बाया टोमणे मारतील असं वाटलं होतं, पण त्या काही बोलल्याच नाहीत. ते जास्त जड गेलं. पहिल्या घरी पहिल्या दिवशी आई आणि बहीण गेल्या, मी आमची रोपं काढायला थांबले; त्या संध्याकाळी बहीण आईला म्हणाली, "उद्या तायनं घरी ऱ्हायचं. मागल्या साली तिनं माझी केली, औंदा तिची मी करीन." आईला ते पटलं. सावड म्हणजे सावड, घरातल्या घरातही.

मग दर दुसऱ्या दिवशी ती चिखलात आणि मी घरात. जन्मात पहिल्यांदा मला लावणीच्या दिवसांत रिकामपण मिळालं. सहा दिवस. काय करावं सुचेना. तिची पुस्तकं माळ्यावर पडली होती. आई चुलीला लावायच्या गोष्टी करत होती. मी ती गणिताची वही काढली. सवयीनं मागून उघडणार होते, पण या वेळी पुढून उघडली.

पहिली पानं सुरेख होती. वर तारीख, डाव्या बाजूला समास, गणितं मोत्यासारखी. जून, जुलै, ऑगस्ट. गणपतीच्या सुट्टीनंतर दोन पानं. तिसऱ्या पानावर नुसती तारीख, आणि पुढे कोरं. मधली पानं तशीच, कोरी. आणि मग मागच्या बाजूनं माझ्या ओळी सुरू. मी ओटीवर बसून पहिल्या पानापासून ती गणितं एका जुन्या कॅलेंडरच्या मागे उतरवायला लागले. सातवीनंतर पहिल्यांदाच. पश्चात्ताप म्हणून नव्हे. मला दुसरं काही करताच येत नव्हतं म्हणून. सहा दिवसांत मला दोन धडे कळले.

दिवाळीनंतर तिचं लग्न ठरलं, माघात झालं. मुलगा खर्डीकडचा, जंगलातल्या एका पाड्यातला, स्वभावानं वाईट नाही. तिचं वय लग्नाचं नव्हतं हे मांडवातल्या प्रत्येकाला माहीत होतं. सगळे जेवून गेले. बाबांनी शब्द पाळला. हळदीच्या दिवशी मी तिच्या पायांना हळद लावताना बघितलं, तिच्या बोटांमधल्या चिखल्यांचे डाग गेले नव्हते. मी रडायला लागले. तिला वाटलं ती जाणार म्हणून रडते. ती माझीच समजूत घालत बसली.

त्याच वर्षी मी सतरा नंबरचा फॉर्म भरून बाहेरून दहावीला बसले. बाबा म्हणाले, "तिनं काय दिवं लावलं, का आता तू लावनार?" पण अडवलं नाही. मला बघायला येणारे बंद झाले होते. घरात मला कसलीच मुदत नव्हती. तिच्याच पुस्तकांवर, तिच्याच वहीवर मी पास झाले. काठावर का होईना, पास. वाडीतली पहिली. बायांनी माझ्या हातावर साखर ठेवली आणि मला ती गिळवेना.

मग मीही त्याच जिन्यानं वर गेले. कॉम्प्युटर शिकायला. सर नवे होते, आडोसे तेच. दोन महिन्यांत मला टाइप करता यायला लागलं, इंटरनेट उघडता यायला लागलं. वहीच्या अगदी शेवटच्या पुठ्ठ्यावर बहिणीनं पासवर्ड लिहून ठेवला होता: वाडीचं नाव आणि पुढे एक दोन तीन. एका शनिवारी मी तिचं पान उघडलं. मला माझ्या त्या ओळी खऱ्याखुऱ्या बघायच्या होत्या. ज्यांनी लिहिल्या त्यांचे चेहरे बघायचे होते.

माझा फोटो होता. तिनं मान वळवली होती तरी डोळा दिसतच होता. खाली ओळी होत्या, खूप होत्या. 'ही कोणाकडे बघतेय?' 'एक डोळा मुरबाडला, एक नगरला.' 'घाबरू नका, एका डोळ्यानं तरी आपल्याकडेच बघतेय.' नाशिकचा तो चांगला मुलगा होता, त्यानं हसऱ्या तोंडांची रांग टाकली होती. गोड हा शब्द कुठेच नव्हता. मी खालपर्यंत शोधला.

त्या प्रत्येक ओळीखाली माझी बहीण होती. इंग्रजी अक्षरांत, आमच्या बोलीत: 'तुमी कोन बोलनारे? ती माझी ताय हाय. ती बारा दिवस दोघींची लावनी करते. तुमी एक दिवस करून दाखवा.' त्यावर त्यांनी तिच्या 'हाय'ला आणि 'तुमी'ला हसून घेतलं होतं. मग तिनं शुद्ध पुस्तकी मराठीत लिहायला सुरुवात केली होती. लांबच लांब. समजावून. कुठे हात जोडून. 'कृपया असे लिहू नये, माझ्या ताईला वाईट वाटेल.' त्यावर नवे आले, त्यांना नवी उत्तरं. प्रत्येक ओळीपुढे तारीख होती. गणपतीची सुट्टी. सहामाही. जत्रेचे दिवस. पूर्वपरीक्षेच्या बीजगणिताच्या पेपराच्या आदल्या संध्याकाळी तिनं सात उत्तरं लिहिली होती.

एक बटण दाबलं असतं तर फोटो गेला असता. तिनं विचारलं होतं, काढून टाकू का? मीच म्हटलं होतं, राहू दे.

म्हणजे शाळा सुटल्यावर त्या लोकांशी भांडायचं आणि एसटीत बसून माझ्यासाठी गोड ओळी रचायच्या, असं तिचं दहावीचं वर्ष गेलं. नुसतं माझ्यामुळे गेलं असं म्हणत नाही. त्या आडोशाची तिला माझ्या आधीच चटक लागली होती. पण चटक लागलेल्या माणसाला हाताला धरून उठवायचं असतं. मी तर तिला त्याच खुर्चीत बांधून ठेवलं होतं.

मी फोटो काढून टाकला. मग तिचं बाकीचं पान बघितलं. ती नापास झाली त्या दिवसानंतर तिच्याकडून एक शब्द नव्हता. एकशे बारा जणांतल्या एकानंही विचारलं नव्हतं, कुठे गेलीस. शेवटी कोणीतरी सगळ्यांना एकदम पाठवतात तशी नववर्षाची शुभेच्छा टाकली होती. बस.

पुढच्या पावसाळ्याआधी ती माहेरी आली, पाच महिन्यांचा मुलगा घेऊन. वाळली होती. दुपारी आई पाण्याला गेली तेव्हा ती मुलाला मांडीवर थोपटत म्हणाली, "ताय, तू आता कॉम्प्युटरवं बसतेस ना गो? माझं ते पान हाय का अजून?"

"हाय."

"कोनी काय लिव्हलंय? इचारतात का मला?"

तिनं हे सहज विचारल्यासारखं विचारलं, पण थोपटणारा हात थांबला होता.

"लय जनं," मी म्हटलं. "शनिवारी उतरवून आनते."

शनिवारी एसटीत मी ती वही मांडीवर घेतली. गणितं आणि माझ्या ओळी यांच्या मध्ये अजून कोरी पानं होती. मी लिहिलं: 'कुठे आहेस? तुझ्याशिवाय करमत नाही. कोल्हापूर.' त्याखाली: 'बाळाचा फोटो लाव ना. नागपूर.' टोकावडे येईपर्यंत पान भरलं.

तिनं चुलीपाशी बसून बोट फिरवत सगळं वाचलं. दोनदा वाचलं. मग वर न बघता तिनं विचारलं, "आन तुझ्या फोटूवं?"

"तू आनायचीस तेच," मी म्हटलं. "गोड म्हन्तात."

वही मिटून तिनं ती मुलाच्या दुपट्याखाली ठेवली, आणि सासरी जाताना बरोबर घेऊन गेली.